शेकडा ऐंशी

शिक्क्याच्या शाईचा वास आला की मला बंगलोरच्या आमच्या हॉस्टेलातलं सायक्लोस्टाइल यंत्र आठवतं. साठ-एकसष्ट साल असेल. त्यावर छापून विद्यार्थ्यांचं पत्र मी काढायचो. एका अंकाला मजकूर कमी पडला, म्हणून जेवताना आमच्याच टेबलावर विचारलं, मेसचं जेवण आवडतं का. माझ्यासकट आम्ही पाचही जण बेळगावकडचे मराठी, रोजच्या आंबट सारूला, म्हणजे तिकडच्या पातळ आमटीला, कंटाळलेले. चौघांचं उत्तर नाही असं आलं. बाकीच्या टेबलांकडे मी फिरकलोही नाही. छापून टाकलं, ‘शेकडा ऐंशी विद्यार्थ्यांना जेवण नापसंत’. आकडा कसा भारदस्त दिसत होता. अंक वॉर्डनच्या हाती पडला आणि आठवड्याभरात त्यांनी आचारी अण्णाला काढून टाकलं. मी तापात होतो तेव्हा हाच अण्णा रोज खोलीवर गंजी, म्हणजे तांदळाची पेज, आणून द्यायचा. होसकोट्याला घरी निघताना, खांद्यावर ट्रंक घेऊन तो माझ्यापाशी थांबला. म्हणाला, “इतकी पोरं नाराज होती, मला कुणी स्वल्प तरी सांगायचं. कोण कोण ते सांग, माफी मागून जातो.” मी खाली बघत म्हटलं, “नावं लिहून घेतली नव्हती, अण्णा.” ती चारही नावं मला आजही पाठ आहेत. त्यातलं पहिलं माझं आहे.