पोरगं गावलं का?

आकाराम गडमुडशिंगीचा, पण आयुष्य राजारामपुरीत पिठाच्या गिरणीत गेलं. हट्टी माणूस. गिऱ्हाइकाशी वाद घालील, पण बायकोसमोर मुकाट बसायचा. संध्याकाळी गिरणी बंद करून दोघं एक मालिका बघत. एकट्यानं बघायचं नाही, हा संयोगिताचा दंडक होता.

ती दवाखान्यात पडली, तेव्हा त्यानं मुलाकडून, विजयसिंहकडून, टीव्हीच्या डब्याला पेनड्राइव्ह लावून घेतला आणि रोजचा भाग रेकॉर्ड करायला लागला. स्वतः मात्र एकही बघितला नाही. मालिकेतल्या आईचं पोरगं जत्रेत हरवलं होतं, आणि संयोगिता रोज तेच विचारायची.

"अवो, पोरगं गावलं का?"

"सांगत न्हाय जा. घरी चल, मग दोघं बघू की."

तिला वाटायचं, याला ठाऊक आहे आणि हा मुद्दाम छळतोय. त्यानंही तसंच वाटू दिलं. उत्सुकतेपोटी तरी बाई उठून बसेल, हा त्याचा अडाणी हिशेब. शेवटच्या दिवशी तिनं तोंडावरचा मास्क सरकवून तेवढंच विचारलं. नर्स खेकसली. आकाराम म्हणाला, "आदी बरी हो." दुपारी ती गेली.

रक्षाविसर्जनाला पंचगंगेवर नैवेद्य ठेवला. कावळे समोरच्या पत्र्यावर बसून राहिले. मेलेल्या माणसाचं काही राहिलं असलं की कावळा शिवत नाही, म्हणून एकेकजण हात जोडून शब्द देऊ लागला. विजयसिंह म्हणाला, "आबांस्नी मी सांभाळतो." संयोगिताची नणंद म्हणाली, "नातीचं लगीन थाटात करू." कावळे ढिम्म.

सगळ्यांनी आकारामकडं बघितलं. तिचं काय राहिलंय, हे त्या घाटावर त्याला एकट्यालाच माहीत होतं. त्याला स्वतःची किळस आली. तो पुढं झाला आणि मोठ्यानं म्हणाला, "गावलं गं. पोरगं गावलं."

पाव्हणे एकमेकांकडं बघायला लागले. कावळा काही उतरला नाही. ऊन चढलं, तसा भटजींनी दर्भाचा कावळा केला, नैवेद्याला शिववला आणि लोक हातपाय धुवायला नदीकडं गेले.

विजयसिंहनं हळूच विचारलं, "आबा, कुठलं पोरगं?"

"मला काय ठावं?" आकाराम म्हणाला. "मी तरी कुठं बघितलंय?"