पाणीवाले वकील

सुटलेला आरोपी पेढे घेऊन आला की चाचा पेढ्याला हात लावत नसत. "आधी फिर्यादीच्या घरी जा," म्हणत. "तिथं पाणी माग. देल्लं तर पी, नाही देल्लं तर उभा राह्य. मंग ये पेढे घेऊन." पांढरकवड्याच्या कोर्टात आरोपींची बाजू मांडण्यात त्यांची उभी हयात गेली, पण तालुक्यात त्यांना फौजदारीचे वकील असं कुणी म्हणत नसे. पाणीवाले वकील म्हणत. आम्ही कोर्टातली माणसं, पट्टेवाल्यापासून स्टॅम्प विकणाऱ्यापर्यंत सगळे, त्यांना चाचा म्हणायचो.

मी त्यांच्याकडे ज्युनियर म्हणून लागलो आणि त्याच आठवड्यात हा प्रकार पाहून हबकलो. किसन नावाचा शेतकरी खुनाच्या आरोपातून सुटला होता. धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या भांडणात शेजारच्या शेतातला तरणा पोरगा डोक्यात लाकूड बसून मेला होता, आणि ते लाकूड कुणी मारलं हे सरकार पक्षाला सिद्ध करता आलं नव्हतं. अशा माणसाला चाचा त्या पोराच्या आईकडे पाठवत होते. मी म्हटलं, "चाचा, तिथं याला कापून टाकतील."

"कापतीन तर मंग त्या गावात जन्म कसा काढन तो?" चाचा म्हणाले. "निकाल इथं लागला. राहाचं तं तिथंच हाये ना."

त्या म्हातारीने किसनला भर उन्हात दुपारभर अंगणात उभं ठेवलं. मग लोटाभर पाणी आणून दिलं आणि आत गेली. हे सांगताना किसन चाचांच्या बैठकीत ढसाढसा रडला. चाचांनी तेव्हा कुठे पेढा खाल्ला. मला वाटलं, आपण कुण्या साध्या वकिलाकडे लागलेलो नाही.

आरोपीला "तू केलं का?" असं चाचांनी विचारलेलं मी कधी ऐकलं नाही. "गावात परत राहाचं हाये का?" हा त्यांचा पहिला प्रश्न असे. मोठा गुन्हा असो की किरकोळ, रीत तीच. कोंबडी चोरल्याच्या आरोपातून सुटलेला एकजण पाणी प्यायला गेला आणि चांगला जेवूनच परत आला. फिर्यादीने रस्सा कोंबडीचाच केला होता. चाचा ते ऐकून ठसका लागेपर्यंत हसले आणि चार दिवस भेटेल त्याला तेच सांगत सुटले.

उलटतपासणी घेताना त्यांचा आवाज कधी चढत नसे. साक्षीदार घाबरला की आधी त्याला पाणी पाजायला लावत. मला मात्र बजावून ठेवलं होतं, "पिंजऱ्यात उभा राह्यला की तो साक्षीदार. मंग तो तुहा बाप काहून असेना." मी मान डोलावली होती. पिंजऱ्यात कोण उभं राहणार आहे, हे तेव्हा मला कुठे ठाऊक होतं?

कापसाची ती वर्षं फार वाईट होती. भाव पडलेले, खरेदी केंद्रावर मोजणी रखडलेली, आणि कापसाच्या गाड्यांची रांग फाटकातून बाहेर पडून थेट हमरस्त्यावर आलेली. माणसं गाडीखालीच झोपत, तिथंच भाकर खात. अशाच रांगेतल्या शेवटच्या ट्रॉलीवर चाचांचा एकुलता एक मुलगा इरफान अंधारात मोटारसायकलसकट आदळला आणि जागीच गेला. इरफान माझ्या वयाचा, माझा दोस्त. त्याला मातीत ठेवताना चाचांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, आणि त्याचीच मला भीती वाटली होती.

फिर्याद चाचांनीच दिली. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता, म्हणून हयगयीने मृत्यू घडवल्याचा गुन्हा ड्रायव्हरवर लागला. हा ड्रायव्हर लेतू, झरी जामणीकडचा कोलाम आदिवासी, दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर मजुरीने असलेला. शिक्षा झाली तर तो तुरुंगात, आणि घरी बायको, दोन लेकरं नि म्हातारा बाप. त्याचं वकीलपत्र घ्यायला बाररूममधला एकही माणूस तयार होईना. तसा ठराव वगैरे कुणी केला नव्हता. पण चाचांच्या पोराच्या केसमध्ये समोरून उभं कोण राहणार? लेतूची बायको टायपिंगवाल्याच्या बाकाजवळ दिवसभर बसून असायची आणि आम्ही तिच्याकडे न बघता ये-जा करायचो.

एक दिवस चाचांनी तिला पाहिलं. आत आले आणि कोरं वकीलपत्र माझ्यापुढे ठेवलं. "बाहेर बाई बसली हाये. तिच्या नवऱ्याचा अंगठा घे यावर."

मी वकीलपत्र परत त्यांच्याकडे सरकवलं. "चाचा, मी तुमच्या विरुद्ध उभा राहू?"

"माह्या विरुद्ध कायले? सरकार विरुद्ध लेतू लिवलं हाये. माहं नाव कुठी हाये त्याच्यात?"

"पण इरफान..."

"त्याचं रडणं माह्या घरी," चाचा म्हणाले. "वकील भेटला नाही म्हणून लेतूले सजा झाली, तर मी इतके वर्षं इथं काय करून राह्यलो?"

अशा रीतीने माझ्या आयुष्यातली सगळ्यात अवघड उलटतपासणी माझ्या वाट्याला आली. चाचा पिंजऱ्यात उभे होते. मी विचारलं, रांग रस्त्यावर कुणी लावली? केंद्राच्या माणसांनी, ते म्हणाले. ट्रॉलीमागे दगड मांडून पळसाची डहाळी लावली होती का? होती, मी स्वतः पाहिली. इथवर ठीक चाललं होतं. पण पुढचा प्रश्न दिव्याचा होता.

इरफानच्या गाडीचा पुढचा दिवा बंद होता. अपघाताच्या काहीच दिवस आधी त्याच गाडीवर मागे बसून मी हातात टॉर्च धरली होती. गाडीचा पुढचा भाग पार चेपला होता, त्यामुळे पंचनाम्यात हे आलंच नव्हतं. मला ठाऊक होतं; चाचांना ठाऊक होतं की नाही, कुणास ठाऊक. विचारलं तर लेतू सुटण्याची आशा होती आणि मेलेल्या पोराची चूक त्याच्या बापाच्या तोंडून निघणार होती. मी नुसता उभा राहिलो. न्यायाधीशांनी विचारलं, आणखी काही?

"विचारा, वकीलसाहेब," चाचा पिंजऱ्यातून म्हणाले.

त्याआधी त्यांनी मला कधी वकीलसाहेब म्हटलं नव्हतं. बेटा म्हणत. मी विचारलं.

"बंद होता. दिवाळीपासून," चाचा म्हणाले. "तो बल्ब टाकतो म्हणत होता. मीच म्हणलं, बाजाराच्या दिवशी टाकू, काय घाई हाये."

टायपिंग करणाऱ्याची बोटं थांबली. मी खाली बसलो. चाचा मात्र साक्षीवर सही करून, कोर्टाला झुकून नमस्कार करून नेहमीसारखे बाहेर पडले.

लेतू सुटला. आमच्या मुन्शीने त्याला रीत सांगून ठेवली होतीच. "पाणी प्याले जाऊ का जी?" त्याने मला विचारलं. चाचा त्याला पाणी देतील याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती, म्हणून मीच त्याला घेऊन गेलो. चाचा ओसरीवर बसले होते, हाताशी माठ. लेतू फाटकाशी थांबला आणि हात जोडून म्हणाला, "पाणी द्या जी." चाचा उठले. माठावरचा पेला उचलला. मग पेला तसाच खाली ठेवला आणि घरात गेले. आतून कडी लागलेली मला रस्त्यावर ऐकू आली. लेतू ऊन उतरेपर्यंत उभा राहिला. दार उघडलं नाही. 

त्यानंतर काही दिवस चाचा कोर्टात आले नाहीत. मग एका सकाळी म्हणाले, "तुही स्कूटर काढ." त्यांनी मला किसनच्या गावी नेलं, त्या म्हातारीच्या अंगणात. चाचा तिच्यापुढे जमिनीवर बसले. "माय, मी किसनचा वकील. त्याले तुह्या दारात पाणी मागाले मीच धाडलं होतं."

"माहीत हाये," म्हातारी म्हणाली. "दारी आलेल्याले नाही कसं म्हणाव? देल्लं पाणी. मंग तो गेला अन् मी तो लोटा पडक्या इहिरीत टाकला. माह्या मायनं लग्नात देल्ला होता."

चाचांनी माफी मागितली. म्हातारी शेंगा निवडत राहिली. परतताना स्कूटरवर चाचा मागून बोलले, "मले वाटे मी आरोपीले झुकवून राह्यलो. झुकवत त्या घरातल्या माणसाले होतो बेटा. त्याच्याच घरातलं माणूस गेलं, अन् पाणीबी त्यानंच द्याव." त्यानंतर त्यांनी कुणालाही पाणी मागायला पाठवलं नाही. लोकांच्या तोंडी नाव मात्र तेच राहिलं.

चाचा जाऊनही आता बराच काळ लोटला. माझ्याकडे कुणी पेढे आणले की मी मुकाट्याने घेतो आणि घरी नेतो. खाववत मात्र नाहीत. चाचा आठवतात ते काळ्या कोटात नाही. ते आठवतात लेतूच्या दारात, झरीच्या जंगलापलीकडच्या त्या पोडावर, कोलामांच्या वस्तीवर, जिथं त्यांनी एका उन्हाळ्यात मला न्यायला लावलं होतं.

आम्हाला पाहून लेतूचा चेहरा पडला. नवी केस लागली असंच त्याला वाटलं असणार. चाचा दाराबाहेर उभे राहिले. "लेतू, पाणी दे बाप्पा," म्हणाले. "मले देता नाही आलं. मागता तरी येते का पाहून राह्यलो."

लेतूच्या बायकोने तांब्या आणून दिला. चाचांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि कितीतरी वेळ नुसता धरून उभे राहिले. मला वाटलं, आताही तसंच होणार. मग त्यांनी तांब्या तोंडाला लावला आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्याले. इरफान गेल्यानंतर त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. तांब्या लेतूच्या हातात देत ते म्हणाले, "भांडं टाकजो नको."

लेतू गोंधळून एकदा माझ्याकडे, एकदा तांब्याकडे बघत राहिला.

"कायले टाकीन जी?" तो म्हणाला. "आमचं रोजचं भांडं हाये."