मावशीचा फेरफार

माणसं सरकारी कचेरीला घाबरतात. माझ्या धाकट्या मावशीला मात्र सरकारी कचेरी घाबरायची. घटस्फोटात वडखळजवळची अर्धा एकर भातशेती कोर्टानं तिला दिली. सातबाऱ्यावर अजून नवराच बसलेला, आणि त्याचे भाऊबंद जमिनीला गिऱ्हाईक शोधत होते. वकील कर, असं सगळ्यांनी सुचवलं. ती म्हणाली, "काडीमोड मी घेतला, कागद पण मीच करीन."

प्रत्येक अर्ज ती दोन प्रतींत लिही आणि दुसरीवर पोचेचा शिक्का पडेपर्यंत जागची हलत नसे. साहेब मीटिंगला गेलेत म्हटलं की पिशवीतून मोड आलेले वाल काढून व्हरांड्यात सोलत बसे. त्या वर्षी आम्ही इतकं बिरडं खाल्लं, त्याचं सगळं श्रेय साहेबांच्या मीटिंगांना. मी तेव्हा पेण-रोह्यात बायकांच्या जमीनहक्काची पत्रकं वाटत फिरत होते. मोठ्या अभिमानानं तिला एक दिलं. तिनं ते दोनदा वाचलं. "'संघर्ष' सात वेळा हाय गो यात. अर्ज कुठं टाकायचा ते एकदाबी नाय." मी आठ दिवस तिच्याशी बोलले नाही. मग पत्रक बदललं.

अखेर तलाठ्यानं फेरफाराची, म्हणजे जमिनीचा मालक बदलल्याची, नोंद घातली. मावशीनं वाचली: खातेदार मयत, वारस पत्नी.

"मेला नाय तो," ती म्हणाली. "रोह्याला कंपनीत हाय. आज सेकंड शिफ्ट."

"बाई, नवऱ्याच्या जागी बायको चढते ती नवरा गेल्यावर," तलाठी म्हणाला. "दुसरी तऱ्हा माझ्याकडं आजवर आली नाय. जमीन मिळतेय ना, मग कशाला उकरताय?"

बाईला जमीन मिळायची तर आधी पुरुषानं मरायला हवं, असं मानणारं दप्तर जाळावं, असं माझं स्पष्ट मत झालं. मावशीनं नुसती हरकत लिहून दिली, दोन प्रतींत. "उद्या तो जिता उभा ऱ्हायला की माझी नोंद रद्द. आणि मला ही कोर्टानं दिलीय, यमानं नाय."

मग माणूस हजर करा, असं उत्तर आलं. ती एसटीनं रोह्याला गेली, शिफ्ट सुटेपर्यंत कंपनीच्या गेटवर उभी राहिली आणि दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन आली. आपण हयात असल्याचा जबाब त्यानं मुकाट्यानं दिला. बाहेर येऊन म्हणाला, "तुझ्या लेखी मेल्यातच जमा होतो मी. ऱ्हाऊ द्यायचंस."

"नाय. तू जिता असताना मी घेतली, हे लिहून पायजे होतं."

नोंद दुरुस्त झाली, नवा सातबारा हातात आला. त्यावर जुनं नाव खोडत नाहीत. कंसात टाकतात आणि खाली नवं लिहितात. खाली मावशी होती, स्वतःच्या वडिलांच्या नावासकट. मी घोषणेसाठी तोंड उघडलं. ती मात्र कंसातलं नाव वाचत होती, सावकाश, ओठ हलवत. लग्नात कधीतरी याच नावाचा तिनं उखाणा घेतला असेल, हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

"अक्षर बरं हाय तलाठ्याचं," ती म्हणाली, आणि सातबारा घडी न घालता पिशवीत ठेवला.