दातिवऱ्याच्या चिखलातलं पलायन

भरतीची वेळ कुणालाही न विचारता मी दातिवऱ्याला गेलो, आणि जाताना सख्ख्या बहिणीला सोबत नेलं.

कारण साहित्यिक होतं. मी मुलांसाठी कादंबरी लिहितोय. एका जुलमी देशातून बारा वर्षांची बहीण आणि नऊ वर्षांचा भाऊ पळून जातात. त्यांना मी खाडीपर्यंत सुखरूप आणलं होतं. मागे शिपाई, पुढे चिखल, चिखलापलीकडे होडी. ‘पाच मिनिटांत भावंडं होडीत होती,’ असं लिहूनही टाकलं. माझी सुमनताई निवृत्त शिक्षिका. वाचून म्हणाली, “आधी स्वतः चालून दाखव. नाही जमलं तर प्रकरण फाडून टाक.”

म्हणून नाशिकहून गाडी काढली. मनोर सोडल्यावर मासवणजवळ सूर्या नदी लागली. “ही आपल्या देशाची सरहद्द,” मी जाहीर केलं. तेवढ्यात समोर शेळ्या आडव्या आल्या.

“शिपाई आले बघ,” ताई म्हणाली आणि तिनं काच वर केली.

केळव्याला शहाळं पिताना अर्धं मी शर्टाला पाजलं. पुढे दोन्ही अंगांना वाड्या (नारळी-केळीच्या बागा), आणि मग वाळत घातलेल्या बोंबलांचा वास.

दातिवऱ्याला पोचलो तेव्हा बारा वाजले होते. पाणी लांब गेलेलं आणि शंभरेक पावलांवर एक होडी कुशीवर निजलेली. हुबेहूब माझ्या कादंबरीतली! मी चपला हातात घेतल्या, ताईनं साडी वर खोचली.

विसाव्या पावलाला मी गुडघ्यापर्यंत आत गेलो, तिसाव्याला मांडीपर्यंत. मागून ताई म्हणाली, “अरे, माझा पाय निघत नाहीये.” समोर होडीखाली काहीतरी चमकलं. पाणी परत येत होतं.

“कुणी आहे का? आम्हाला साहाय्य करा!” मी ओरडलो. भीतीतही माझी भाषा ग्रांथिक राहिली.

शिवल्या (खायचे शिंपले) गोळा करणारी एक बाई लांबून खेकसली, “ओ दादा, उबं ऱ्हाऊ नका! आडवं व्हा, पालीसारखं सरका!” हातात बांबू घेऊन ती आलीच. “आज अष्टमी हाय. या टायमाला कोन जातंय आत? आता पानी चढनार.”

तिनं आमच्या दोघांच्या मधोमध बांबू धरला. माझ्या हस्तलिखितात या क्षणी भाऊ म्हणतो, “ताई, तू आधी.” मी मात्र बांबू दोन्ही हातांनी कवटाळला होता. मला ओढून काढेपर्यंत ताई पोटावर सरकत आपली आपण काठाला लागली होती.

त्या बाईंनी, म्हणजे यमुनाबाईंनी, अंगणात आमच्यावर बादल्या ओतल्या आणि तांदळाची भाकरी नि सुक्या बोंबलाची चटणी वाढली. मी कादंबरीची अडचण सांगितली.

“पोरं हलकी असतात, सरकत गेली तर पोचतील,” त्या म्हणाल्या. “तुमच्यासारखं उबं ऱ्हायली तर नाय.”

परतीच्या वाटेवर सीटवर प्लास्टिक अंथरून आम्ही बसलो होतो. इतकी वर्षं मी धाडसावर लिहितोय, पण त्याला चिखल लागलेला आजवर पाहिला नव्हता. प्रकरण फाडावं लागणार नाही, याचाही आनंद होता.

“म्हणजे सुटली ना आपली भावंडं?” मी विचारलं.

“मुलगी सुटेल,” ताई नखांतला चिखल काढत म्हणाली. “भाऊ काढून टाक. अडचण आहे नुसती.”