बोअरच्या पाण्यातले मासे

आमच्या घरच्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही. लातूरच्या आमच्या भागात हे कुणाला सांगावं लागत नाही. बादलीला पांढरा थर चढतो, नळाच्या तोट्या गच्च होतात, आणि पाहुणे आले की आधी विकतच्या पाण्याचे जार उघडतात. आप्पा, म्हणजे माझे वडील, तेच जार पोचवतात. फिल्टरच्या पाण्याच्या प्लांटवर ते टेम्पो चालवतात. लग्नात, दुकानांत, दवाखान्यांत आपण चांगलं पाणी देतो, असं ते कधी बोलून दाखवत नाहीत. पण जार खांद्यावरून उतरवताना त्यांच्या चेहऱ्यावर ते दिसतं.

त्या दिवशी मी त्यांना खरं सांगायला हवं होतं की नव्हतं, हे मला अजून ठरवता येत नाही.

मी नांदेडला कॉलेजात गेले. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिली. त्याआधीच आप्पांनी एका ऑफिसनं टाकून दिलेली काचेची टाकी टेम्पोत घालून आणली होती. तिच्यात सोडलेले मासे आठ-दहा दिवसांत मरायचे. शेवटी एका सुट्टीला घरी जाताना मी नांदेडच्या दुकानात शिरले. दुकानदारानं आधी विचारलं, "पाणी कुठलं?"

"लातूर. बोअरचं," मी जरा लाजतच म्हणाले.

तो हसला. "मग हे घेऊन जा. आफ्रिकेतल्या तळ्यातले हायेत, खडकाच्या फटीत राहतात. यांना असलंच जड पाणी लागतं. इथं मी शिंपले कुटून टाकतो, तुमच्याकडं सगळं फुकटच की!"

बोटाएवढी एक जोडी होती, अंगावर काळे-पिवळे लांब पट्टे. पिशवी मांडीवर घेऊन मी बसमध्ये बसले. कंडक्टर म्हणाला, "यांचं अर्धं तिकीट फाडू का?" शेजारची म्हातारी म्हणाली, "मांजरा नदीला पाणी असतं तर पोहतच आली असती की लेकरं."

आप्पांनी एका विहिरीच्या खोदकामावरून काळे दगड आणले. आम्ही दोघांनी ते फटी ठेवून रचले. मासे दगडाला पोट लावूनच फिरायचे, दगड वळला की तेही वळायचे, कपारीत तर उलटेसुद्धा. आप्पा डबा खायला बसले की तोंड टाकीकडं करायचे.

दुकानदार काय म्हणाला ते मात्र मी घरी सांगितलं नाही. आप्पा जे पाणी चांगलं म्हणून वाहतात त्यापेक्षा आपलं हे टाकाऊ पाणी या माशांना बरं, हे कसं सांगावं मला सुचेना. त्यांना कमीपणा वाटेल, अशी भीती वाटली. नुसतं म्हणाले, "पाणी बोअरचंच घाला, तेही थोडं थोडं." का, ते सांगितलं नाही.

काही महिन्यांनी होस्टेलवर फोन आला. "अगं माय, पिलं झालीत! फटीत हायेत. आठ. थांब, थांब, नऊ." आप्पांचा आवाज इतका मोठा होता की माझ्या मैत्रिणी हसायला लागल्या. नंतर रोज मोजणी. एके दिवशी सातच दिसली, तर जेवले नाहीत, असं आई सांगत होती.

परीक्षा संपवून मी दुपारी घरी पोचले. आप्पा दारातच उभे होते. "चप्पल राहू दे, आधी आत चल."

टाकी लखलखत होती. काच पुसलेली, दगड ब्रशनं घासलेले.

"काल धुतली. तू यायलीस म्हणून. सगळं पाणी जारचं घातलंय. थंड होतं, म्हणून जार आधी उन्हात ठेवले. बोट घालून घालून बघितलं, कोमट झाल्यावरच ओतलं."

नर वर येऊन तोंड उघडझाप करत होता. मादी दगडाच्या बुडाशी आडवी पडली होती. पिलू एकही दिसेना.

"जरा सुस्त वाटायलेत," आप्पा म्हणाले. "नवं पाणी हाय, सवय न्हाई."

मी ओरडले. "कुणी सांगितलं होतं तुम्हाला? काय कळतंय तुम्हाला यातलं?" मग क्षार, पाण्याचा जडपणा, माशाच्या अंगातलं मीठ, कॉलेजात शिकलेलं सगळं मी त्यांना ऐकवलं. आप्पा हात पुढं बांधून ऐकत होते. ऑफिसातला साहेब बोलला की ते असेच उभे राहतात, मी टेम्पोतून कितीदा बघितलं आहे.

"म्हणजे चांगल्या पाण्यानं मरायलेत?"

"हो."

ते बाहेर गेले आणि बोअरची बादली भरून आणली. "आता घालू?"

"नका. राहू द्या आता," मी म्हणाले.

मग मी स्वतः त्याच बादलीतलं पाणी वाटी-वाटीनं घालत राहिले. संध्याकाळपर्यंत दोन्ही गेले. दगड काढले तेव्हा फटीत पिलं सापडली, तांदळाच्या दाण्याएवढी. आप्पांनी विचारलं नाही, पण मी मोजून नऊ सांगितली.

मी माफी मागितली. ते म्हणाले, "त्यात काय, तू खरंच बोललीस." तिथंच सगळं अडलं. खोटं बोलले असते तर मागं घेता आलं असतं. आणि आधीच सांगितलं असतं तर काहीच घडलं नसतं, हे त्यांच्या मनातही आलं नाही.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. आधी या वेळची परीक्षा कशी गेली ते विचारलं. मग म्हणाले, "तुझ्या कपाटाला वाळवी लागलीय. खालच्या वह्यांपर्यंत आली."

"कधी बघितली?"

"चार दिवस झाले. तुझे पेपर चालू होते, म्हणून फोन न्हाई केला."

"मग वह्या उचलल्या नाहीत?"

"न्हाई. तुझी कागदं, कोणतं कुठं असतंय, मला काय ठाऊक."

आमच्या घराच्या चौकटींची वाळवी माझ्या लहानपणापासून आप्पाच औषध मारून काढत आले. मला त्यातलं काहीच येत नाही.

"आप्पा, काढा की तुम्हीच."

"काढतो," ते म्हणाले. मग विचारलं, "औषध कोणतं मारू?"