पायपातला बोळा

अंबडच्या आमच्या शेडमध्ये आम्ही एका स्पोर्ट्स कारसाठी टर्बो किट घडवलं. इंजिनात जादा हवा कोंबून ताकद वाढवायची, एवढंच ते काम. आराखडा माझा आणि पायपांचं वेल्डिंग मिस्तरींचं. ते माझ्या वडिलांच्या वयाचे, म्हणून मी त्यांना अहो-जाहो करायचो.

किट बसवून गाडी त्र्यंबक रोडला नेली, तर पहिल्याच चढावर ती रडायला लागली. हवेचा दाबच बनेना. गाडीमालकासमोर माझं डोकं फिरलं आणि मी थेट अरे-तुरेवर आलो. "डोळे फुटले का तुझे? जोड गळतोय! जा, खिडक्यांची ग्रिलं बनव!"

मिस्तरींनी चष्मा पुसला, एकेक जोड बोटांनी चाचपला आणि संध्याकाळी आपली अवजारं घेऊन ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी पाइप उघडला. आत फडक्याचा बोळा होता, माझ्याच जुन्या शर्टाचा. धूळ जाऊ नये म्हणून मीच तो कोंबला होता आणि काढायचा विसरलो होतो. जोड एकही गळत नव्हता. बोळा गुपचूप कचऱ्यात टाकला आणि गाडीमालकाला सांगितलं, वेल्डिंग नव्याने केलं. गाडी सुसाट पळाली.

मिस्तरी आता पंचवटीत खरंच ग्रिलं बनवतात. परवा मला पाहून ते उठून उभे राहिले.

"शेठ, तो जोड नेमका कुठे गळत होता हो? मला काही सापडला नाही."

"तुला सांगून काय उपयोग," मी म्हणालो. "तुला दिसणार आहे का?"