रेषेत हरवलेली चीर

मेंढी अर्धी कातरून झाली आणि माझ्या उजव्या हाताची अनामिका मिटली ती उघडेना. डाव्या हातानं ओढली की टक् असा आवाज यायचा आणि मेंढी मान वळवून माझ्याकडं बघायची. उन्हाळ्याआधी सगळा कळप कातरायचा होता आणि घरात कातर धरणारा मी एकटाच. म्हणून जालन्याला हाताच्या डॉक्टरांकडं गेलो.

ते म्हणाले, "बोट ओढणारी दोरी तिच्या नळीत अडकतीय. नळीचं तोंड मोकळं करू. चीर तळहाताच्या रेषेतच देतो, नंतर वण शोधावा लागेल."

हात तेवढा बधिर केला, मी जागाच. मध्येच हुकूम आला, "मूठ मिटा, आता उघडा." कापलेल्या हाताची मूठ? मिटली. उघडली. टक् नाही. बोट दुसऱ्याच कुणाचं तरी असल्यासारखं वाटलं.

खरा गोंधळ घरी. डॉक्टरांनी बजावलं होतं, बोट आजपासून हलवा, नाहीतर आखडेल. आईनं बजावलं, "हलवलंस तर टाका उसवंल. मेंढीला कातर लागली तर आपण हळद लावून तिला गप बसवतो का न्हाई?" आणि तिनं ते बोट शेजारच्या बोटाला फडक्यानं बांधलं. आई समोर असली की मी आजारी. ती गोठ्यात गेली की फडकं सोडून मूठ मिटायची, उघडायची, पावलं वाजली की पुन्हा आजारी.

टाके निघून जखम भरल्यावर डॉक्टरांनी वणावर व्हॅसलीन लावून दाबून चोळायला सांगितलं, म्हणजे वण मऊ राहतो. आईनं व्हॅसलीनमध्येच हळद कालवली. आता मी नेमकं कुणाचं ऐकतोय, मलाच कळेना.

बिस्किटपुडा घेऊन मामा बघायला आले. पिवळा तळहात उलटासुलटा करून म्हणाले, "भाचे, ऑपरेशन झालं, का नुस्ता जालना फिरून आलास?"

ऊन तापायला लागल्यावर आईनंच परीक्षा घेतली. कातर हातात दिली आणि तिची लाडकी म्हातारी मेंढी पुढं ढकलली. "हिला चीर पडली तर बघ मंग."

मानेपासून सुरुवात केली. पाठ झाली, पोट झालं. बोट मिटत होतं, उघडत होतं. मेंढीनं एकदाही वळून पाहिलं नाही.

आईनं माझे हात साबणानं घासून घेतले आणि उजव्या तळहातावरून अंगठा फिरवला. "कुठं कापलंय रं?"

मी दाखवायला गेलो. वरच्या रेषेत. नाही, खालच्या. डावा हात शेजारी धरला. दोन्ही सारखेच.

"त्यानं डावा तर न्हाई ना कापला?" आईनं शांतपणे विचारलं.

मी दोन्ही मुठी मिटून पाहिल्या आणि खात्रीसाठी दुसरी मेंढी ओढली.